आयर्नचा चेंडू भरकटतो: दोष हातात की हत्यारात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४७, उंची ५ फूट ५ इंच, पुण्यात आठवड्यातून एकदा-दोनदा गोल्फ खेळणं, उजव्या हाताने, हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण जास्त लागणारे फटके) २०च्या आसपास. अमेरिकेत राहणाऱ्या सहा फुटी मावसभावाने आपला वापरलेला फोर्ज्ड (घडीव) आयर्नचा, म्हणजे धातूच्या चपट्या हेडच्या क्लबांचा, सेट दिला. शाफ्ट (दांडे) स्टिफ, स्टीलचे, आणि त्याने ते अर्धा इंच वाढवून घेतलेले. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, बऱ्यापैकी सरळ जातो. सेव्हन आयर्न मात्र १४० यार्डांवर २० यार्ड उजवीकडे जातो, न वळता, सरळच्या सरळ. मधूनच एखादा चेंडू जोरात डावीकडे सुटतो. शेवटच्या पाच-सहा होल्सना हे जास्त होतं. दुकानदार म्हणतो शाफ्ट चुकीचा आहे, दीड लाखात नवा सेट घ्या. कोच म्हणतात सेटचं नाव काढू नका, स्विंग मुळापासून बदलू, सहा महिने लागतील. वाचक विचारतात, "ड्रायव्हर सरळ जातो म्हणजे स्विंग ठीकच असणार. मग दोष आयर्नमध्येच आहे ना?"

दुकानदाराला सेट विकायचा आहे, कोचना तास. दोघंही खोटं बोलत नसतील. पण या दोघांपैकी कुणी तुमचा क्लब मापाला लावून बघितला, किंवा चेंडू फेसवर (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूवर) नेमका कुठे लागतो ते तपासलं, असं पत्रात कुठेच नाही. तेवढं होईपर्यंत दीड लाखही काढू नका आणि सहा महिन्यांचा शब्दही देऊ नका.

आधी आकडे बघू. १४० यार्डांवर २० यार्ड म्हणजे निशाण्यापासून साधारण ८ अंश. आता क्लबमुळे जास्तीत जास्त किती बिघडू शकतं? आयर्नमध्ये दिशेवर थेट परिणाम करणारं माप म्हणजे लाय अँगल, म्हणजे तळ जमिनीवर नीट टेकलेला असताना शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन. सेव्हन आयर्नला तो साधारण ६२-६३ अंश असतो. चेंडू लागताना टो, म्हणजे हेडचं शाफ्टपासून लांबचं टोक, वर उचललेला असेल तर फेस डावीकडे बघतो, टो खाली दबलेला असेल तर उजवीकडे. किती, ते लॉफ्टवर, म्हणजे फेस मागे किती कललेला आहे त्यावर, ठरतं. ३३ अंश लॉफ्टच्या सेव्हन आयर्नमध्ये लाय २ अंशांनी चुकला तर फेस सुमारे १.३ अंश फिरतो. १४० यार्डांवर हे तीन यार्ड झाले, वळण धरून चार-पाच म्हणा. म्हणजे नुसत्या लायमुळे २० यार्ड चुकवायचे तर क्लब आठ-दहा अंशांनी वाकडा हवा. तसा क्लब बॅगेतून काढताना कॅडीच्याच लक्षात येईल.

तेव्हा २० यार्डांतला मोठा वाटा हातांचा आहे, हे आत्ताच मान्य करा. दुसरी खूण दोन्हीकडे जाणाऱ्या चेंडूंची. चुकीच्या मापाचा क्लब साधारण एकाच बाजूला चुकवतो आणि जवळपास तेवढाच चुकवतो. तोच क्लब कधी उजवीकडे आणि कधी डावीकडे मारत असेल, तर फरक क्लबमध्ये पडत नाहीये, मारण्यात पडतोय.

आता ड्रायव्हरची साक्ष. ती तुम्हाला वाटते तेवढी भक्कम नाही, दोन कारणांनी. ड्रायव्हरचा चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर) आणि पुढच्या पायाच्या टाचेजवळ असतो, क्लब वर्तुळाच्या तळातून पुढे जाऊन वर येताना त्याला भेटतो. आयर्नचा चेंडू जमिनीवर असतो आणि क्लब अजून खाली उतरत असताना त्याला गाठतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा क्लब तळाला पोचेपर्यंत थोडा बाहेर, उजवीकडे जात असतो आणि तळ ओलांडला की आत, डावीकडे वळतो. म्हणून एकच स्विंग ड्रायव्हरला सरळ मार्गावर आणि आयर्नला उजवीकडच्या मार्गावर नेऊ शकतो. जे खेळाडू आधीच आतून बाहेर मारतात, त्यांच्यात हे ठळक दिसतं: ड्रायव्हर छान, आयर्न उजवीकडे पुश, आणि हात घाईत फिरले की डावीकडे हुक. तुमच्या पत्रातलं वर्णन यापेक्षा फार वेगळं नाही.

दुसरं कारण उलट बाजूचं आहे. ड्रायव्हरचा लॉफ्ट १० अंशांच्या आसपास. तिथे लाय २ अंशांनी चुकला तरी फेस जेमतेम एक तृतीयांश अंश फिरतो. म्हणजे ड्रायव्हर सरळ गेल्याने तुमचा लाय बरोबर आहे हेही सिद्ध होत नाही. ड्रायव्हरला या खटल्यातून सोडूनच द्या.

खरी साक्ष आयर्न एकमेकांविरुद्ध देतात. लॉफ्ट जितका जास्त, तितकी लायची चूक जास्त बोलते. २ अंशांची तीच चूक फाइव्ह आयर्नला १ अंश फिरवते, नाइन आयर्नला १.८ आणि पिचिंग वेजला २ अंश. त्यामुळे तुमचा वेज आणि नाइन एकाच बाजूला जात असतील आणि फाइव्ह-सिक्स त्यामानाने सरळ, तर लाय तपासायला हवा. वेज ठीक आणि फाइव्ह आयर्न जंगलात, तर लाय सोडा, फेस आणि मार्ग यांचा मेळ बघा, कारण लांब क्लबमध्ये लॉफ्ट कमी, बॅकस्पिन (चेंडूची उलटी फिरकी) कमी, आणि तिरकेपणा जास्त उघडा पडतो. आपले आयर्न सरळ जात नाहीत असं ज्यांना ज्यांना वाटतं, त्यांनी हा एक प्रश्न स्वतःला आधी विचारावा: सगळ्यात जास्त कोणता आयर्न चुकतो? बहुतेकांना तो माहीतच नसतो. लक्षात राहतो तो शेवटचा खराब शॉट.

आता मावसभावाचा सेट. शाफ्ट अर्धा इंच वाढवला की तुमच्या हातात क्लब साधारण १ अंश जास्त उभा पडतो. सहा फुटी माणसाने लायही उभा करून घेतलेला असेल, तर तो वेगळा. तुम्ही ५ फूट ५ इंच. म्हणजे हा क्लब तुमच्यासाठी लांबही असणार आणि उभाही. असा क्लब टो वर उचलून चेंडू डावीकडे मारायला बघतो. तुमचा जातो उजवीकडे! दुकानदाराने हे विचारायला हवं होतं.

दोन शक्यता दिसतात. पहिली: क्लब डावीकडे ओढतोय हे हातांनी कधीच ओळखलं आहे, आणि ते टाळायला तुम्ही फेस धरून ठेवता, मनगटं फिरू देत नाही, कदाचित उभे राहतानाच जरा उजवीकडे तोंड करता. तो जुगाड जमला की चेंडू सरळ, जास्त झाला की उजवीकडे, आणि दमल्यावर हात सुटले की थेट डावीकडे. दुसरी: लांब क्लबमुळे चेंडू फेसच्या टाचेकडे, शाफ्ट जिथे हेडला जोडलेला असतो त्या होझलजवळ लागतो, आणि तिथून तो उजवीकडेच उडतो. पहिली शक्यता खरी असेल तर 'हत्यार की हात' हा प्रश्नच नीट लागू पडत नाही. हत्याराने हाताला सवय लावली आहे. नवा सेट आणलात तरी ती सवय पहिले काही महिने सोबत येईल. आणि हा सेट तसाच ठेवून स्विंग मोडायला बसलात, तर कोच जे शिकवतील त्याच्या विरुद्ध क्लब रोज शिकवेल.

यातलं काय खरं, ते एका सकाळी कळेल. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मॅट सोडून गवताचा भाग मागा. मॅटवर चेंडूच्या दोन इंच मागे मारलं तरी क्लब घसरून चेंडूपर्यंत पोचतो आणि शॉट बरा दिसतो. गवतावर तोच फॅट होतो, म्हणजे क्लब चेंडूआधी जमिनीत रुततो. सोबत व्हाइटबोर्डचा जाड मार्कर, एक ओलं फडकं, दोन सरळ काठ्या (छत्रीही चालेल) आणि आपले स्वच्छ चेंडू घ्या. रेंजच्या मळक्या चेंडूंवर शाई धरत नाही.

पहिलं काम निशाण्याचं. एक काठी चेंडूच्या बाहेरच्या बाजूला निशाण्याच्या दिशेने, दुसरी पायांच्या बोटांजवळ तिला समांतर. पायाजवळची काठी झेंड्यावर रोखू नका. तसं केलं तर शरीर झेंड्याच्या उजवीकडे वळतं आणि पुश तिथेच अर्धा तयार होतो. मग मागे जाऊन बघा. काठ्या ठेवल्यावर जर आपण फार डावीकडे बघतोय असं वाटलं, तर आजवर तुम्ही उजवीकडे उभे राहत होतात. २० यार्डांतले पाच-सात यार्ड इथेच सापडले तर नवल नाही, आणि याला खर्च शून्य.

मग मार्करने क्लबचा पूर्ण फेस रंगवा आणि सेव्हन आयर्नने मारा. चेंडू जिथे लागेल तिथली शाई जाईल. दर फटक्यानंतर ठसा बघा, वहीत टिपा, फेस पुसून पुन्हा रंगवा. दहा चेंडू सेव्हनने, दहा पिचिंग वेजने, दहा फाइव्हने. प्रत्येकाची सुरुवात कुठे, शेवट कुठे, ठसा कुठे. चेंडू निघतो कुठे हे आयर्नमध्ये सुमारे तीन चतुर्थांश फेसची दिशा ठरवते, उरलेलं क्लबचा मार्ग. नंतर तो वळतो किती, हे फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकावर. तुमचा चेंडू उजवीकडे निघून सरळच राहतो, म्हणजे फेस आणि मार्ग दोन्ही उजवीकडे आणि एकमेकांशी सहमत. हा स्लाइस, म्हणजे हवेत उजवीकडे वळत जाणारा चेंडू, नाही. स्लाइसचे जे उपाय सगळीकडे सांगितले जातात, आतून मारा, उजवा कोपर अंगाशी ठेवा, ते तुम्ही केलेत तर पुश वाढेल.

शेवटी लायची चाचणी. स्वच्छ चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढा, ती रेघ फेसकडे तोंड करून अगदी उभी ठेवा, आणि नेहमीसारखा शॉट मारा. फेसवर रेघेचा ठसा उमटेल. क्लब डोळ्यासमोर धरा, खाचा आडव्या ठेवून. रेघ खाचांना काटकोनात असेल तर लाय बरोबर. रेघेचं वरचं टोक टोकडे कललेलं असेल तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा, टाचेकडे कललेलं असेल तर जास्त झोपलेला. एका ठशावर निकाल देऊ नका. सहा-सात घ्या आणि फॅट बसलेले वगळा, कारण जमिनीत रुतल्यावर हेड वेडंवाकडं फिरतं. डिव्हॉटही (फटक्याने गवतात पडलेला खड्डा) हेच सांगतो: टाचेच्या बाजूला खोल आणि टोच्या बाजूला नुसतं खरवडलेलं असेल तर क्लब उभा पडतोय. जमिनीला टेकवून नुसतं बघण्यावर जाऊ नका. फटक्याच्या क्षणी शाफ्ट खाली वाकतो आणि हात चेंडूसमोर उभं राहताना होते त्यापेक्षा वर आलेले असतात, म्हणून उभ्याने दिसणारा लाय आणि लागतानाचा लाय वेगळे.

रेघ टोकडे कललेली निघाली, ठसे टाचेकडे निघाले, तर आधी क्लब दुरुस्त करून घ्या. लावलेला अर्धा इंच काढून नवी ग्रिप. त्याने लांबी मूळ मापावर येईल, क्लब हातात थोडा हलकाही वाटेल, आणि साधारण एक अंश परत मिळेल. उरलेला लाय वाकवून घ्यायचा. तुमचा सेट फोर्ज्ड आहे ही चांगली गोष्ट. मऊ कार्बन स्टील मशीनवर दोन-तीन अंश सहज वाकतं. ज्यांच्याकडे कास्ट स्टेनलेसचे हेड आहेत त्यांनी दोन अंशांपुढे आग्रह धरू नये, मान तडकते. वाकवताना सगळ्या आयर्नचे लॉफ्टही मोजून घ्या आणि कागदावर लिहून मागा. मऊ हेड वर्षानुवर्षं मॅटवर आपटून अंश-दोन अंश सरकतात, आणि मग एट आणि नाइन एकाच अंतरावर का पडतात याचा शोध माणूस स्विंगमध्ये घेत बसतो.

ग्रिपचं म्हणाल तर पुण्याच्या पावसाळ्यात गुळगुळीत झालेल्या ग्रिपइतकं फेस बिघडवणारं दुसरं काही नाही. क्लब हातात फिरेल या भीतीने मूठ घट्ट होते, घट्ट मुठीत मनगट फिरत नाही, फेस उघडाच राहतो. महिन्यातून एकदा कोमट पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण लावून घासा, वर्षाला एकदा बदला. मावसभावाच्या ग्रिप किती जुन्या आहेत ते तर बघाच.

शाफ्टबद्दल दुकानदार पूर्ण चुकीचा नाही, पण फ्लेक्सपेक्षा (लवचिकतेपेक्षा) वजनाकडे बघा. जड स्टील शाफ्ट १२० ते १३० ग्रॅमचे असतात, हलके स्टील ९० ते १०० च्या आसपास. सेव्हन आयर्न १४० यार्ड मारणाऱ्याला स्टिफ हा जरा कडक पडतो. चेंडू खाली राहतो, थोडा उजवीकडे झुकतो, पण २० यार्ड नाही. तुमच्या पत्रात मला जास्त महत्त्वाची वाटली ती शेवटच्या पाच-सहा होल्सची गोष्ट. पहिल्या नऊमध्ये त्याच शाफ्टने चेंडू बरा जातो आणि बाराव्या-तेराव्यानंतर बिघडतो, तर शाफ्ट दुपारी कडक होत नाही, अंग दमतं. कंबर थांबते, हात पुढे निघून जातात. एखाद्या मित्राचा हलक्या शाफ्टचा सेव्हन आयर्न सरावाच्या फेरीत शेवटच्या होल्सना मारून बघा. फरक पडला तर दुकानदाराला अर्धे गुण.

क्लब जाग्यावर आला की कोचकडे जा, पण 'मुळापासून' हा शब्द बाजूला ठेवून. तुम्हाला दोन गोष्टींवर काम हवंय. एक, तळ चेंडूच्या पुढे नेणं. जमिनीत दोन टी रोवा, मधली काल्पनिक रेघ ही चेंडूची जागा. चेंडू न ठेवता मारा. डिव्हॉट रेघेवर किंवा तिच्या पुढे सुरू झाला पाहिजे. मागे सुरू होत असेल तर वजन पुढच्या पायावर साठ टक्के ठेवून, कमरेपासून कमरेपर्यंतचे अर्धे स्विंग करा. दुसरी, आतून फार बाहेर जाणारा मार्ग आणि धरून ठेवलेला फेस. अर्ध्या स्विंगनंतर कमरेच्या उंचीवर थांबा: टो आकाशाकडे असावा आणि छाती निशाण्याकडे वळलेली. फेस वर बघत असेल तर तुम्ही धरून ठेवलंय. छाती मागे राहून हातच पुढे गेले असतील तर तो दमल्यावरचा हुक तिथेच आहे. डाव्या हाताची पकडही बघा. वरून पाहताना दोन ते अडीच पेरांची हाडं दिसायला हवीत. क्लब दुरुस्त झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे चेंडू आणखी उजवीकडे जाईल, कारण हात अजून जुन्या क्लबची भरपाई करत असतील. तेव्हा घाबरून लाय परत उभा करून आणू नका.

अपेक्षाही जरा तपासा. पीजीए टूरवरचे खेळाडू सरासरीने अठरापैकी बारा ग्रीन ठरलेल्या फटक्यांत गाठतात, आणि १५०-१७५ यार्डांवरून त्यांचा चेंडू झेंड्यापासून आठ-नऊ मीटरवर थांबतो. हँडिकॅप २० असताना १४० यार्डांवरून दोन्ही बाजूंना दहा-बारा यार्डांचा पसारा हा आजार नाही. झेंडा सोडून ग्रीनचा मध्य धरलात तर त्यातले बरेच चेंडू ग्रीनवर राहतात.

एवढं करूनही सेट घ्यायचा झाला, तर दुकानात आपला दुरुस्त केलेला सेव्हन आयर्न सोबत न्या आणि दोन्ही तिथेच मारा. नवा १५ यार्ड लांब गेला की खूश होऊ नका. जुन्याचा लॉफ्ट ३३-३४ आणि नव्याचा २८-२९ असेल, तर तो नावाने सेव्हन आणि कामाने सिक्स किंवा फाइव्ह आहे. मॉनिटरवर सगळ्यात लांबचा चेंडू बघू नका, दहाच्या दहा कुठे पडले ते बघा, खराब धरून. आणि नव्या सेटच्या पिचिंग वेजचा लॉफ्ट विचारा. तो ४३-४४ असेल तर तुमच्या ५६च्या सँड वेजपर्यंत बारा-तेरा अंशांचं भगदाड पडेल, ते बुजवायला आणखी एक वेज लागेल, आणि बॅगेत क्लब चौदाच चालतात, तेव्हा कोणता बाहेर काढणार तेही पैसे देण्याआधी ठरवा.